ल्युकेमियाच्या पेशंटचा ब्लड ग्रुप जुन्या कार्डाशी जुळत नसेल तर काय करायचं

कार्डावर ए पॉझिटिव्ह आणि आज ओ दिसतोय, असं एएमएलच्या (अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, ब्लड कॅन्सरचा एक प्रकार) पेशंटमध्ये खरंच होऊ शकतं, पण आधी सॅम्पल अदलाबदलीची शक्यता संपवा, नवीन सॅम्पल घ्या आणि नाव-नंबर स्वतः तपासा.

मग फॉरवर्ड (लाल पेशींवरचे अँटीजेन, म्हणजे ग्रुप ठरवणाऱ्या खुणा बघणारं) आणि रिव्हर्स (सीरममधल्या, म्हणजे पेशी वगळून उरलेल्या द्रवातल्या अँटीबॉडी बघणारं) ग्रुपिंग शेजारीशेजारी ठेवा, खरी गोम इथेच कळते. खऱ्या ओ माणसाच्या सीरममध्ये अँटी-ए आणि अँटी-बी या दोन्ही अँटीबॉडी असतात, इथे फक्त अँटी-बी मिळालं तर पेशंट मुळात ए असायचीच शक्यता जास्त, आजारामुळे लाल पेशींवरचं ए अँटीजेन कमी झालंय एवढंच. (इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे अँटीबॉडीच, कमी असतील तर रिव्हर्सही वीक येतं, हे डोक्यात ठेवा.)

मिक्स्ड फील्ड दिसलं, म्हणजे काही पेशींच्या गुठळ्या आणि काही मोकळ्या, तर हिस्ट्री नीट विचारा, गेल्या तीन महिन्यांत ओ रक्त चढवलं का, बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालंय का. दोन्ही नसेल तर अँटी-ए घातलेली ट्यूब 4 डिग्रीला जास्त वेळ ठेवून बघा, कंट्रोल (तुलनेसाठी, ग्रुप माहीत असलेल्या पेशींच्या ट्यूब) सोबत हवेतच, तरी नाही कळलं तर अॅडसॉर्प्शन-इल्यूशन (पेशींना चिकटलेलं अँटी-ए सोडवून तपासणं) करा.

उलगडा होईपर्यंत क्रॉसमॅच करून (डोनरच्या पेशी पेशंटच्या सीरमशी जुळतात का ते बघून) ओ पॅक्ड सेल (प्लाझ्मा काढलेल्या लाल पेशी) द्या, प्लाझ्मा लागला तर एबीचा. कृपया घाईत नवीन ग्रुपचं कार्ड देऊ नका! रिमिशनमध्ये (आजार आटोक्यात आल्यावर) अँटीजेन बऱ्याचदा परत येतं.

नातेवाइकांनो, जुनं डोनर कार्ड, ऑपरेशनची फाइल, जे असेल ते घेऊन या.