बॉलवरून नजर काढताना

प्रोफेशनल टेनिस खेळायचं ठरवलेल्या मुलांना मी आधी पैशांचं सांगतो. पुरुषांची सुरुवात होते आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, सगळ्यात खालच्या एम-15 स्पर्धांपासून. एकूण बक्षीस 15,000 डॉलर. त्यातले एकेरीच्या विजेत्याला 2,160 आणि पहिल्याच फेरीत हरलेल्याला 156. विमान, हॉटेल, स्ट्रिंगिंग सगळं त्यातूनच भागवायचं. म्हणून या पातळीवर बहुतेक जण कोचशिवाय फिरतात, खोली वाटून घेतात, ज्याच्याशी उद्या सामना आहे त्याच्याबरोबरच आज सराव करतात. लागोपाठ दोन-तीन आठवडे एकाच गावात स्पर्धा असतील असं वेळापत्रक शोधा, प्रवासाचा खर्च बराच वाचतो. रँकिंगचे पॉइंट 52 आठवड्यांनी उतरतात, त्यामुळे आहे तिथं टिकायलाही गेल्या वर्षी केलेलं पुन्हा करून दाखवावं लागतं.

दुखापत झाली तर प्रोटेक्टेड रँकिंगचा, म्हणजे परतताना जुनं रँकिंग वापरू देणारा, नियम आधी वाचा. एटीपीत, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसमध्ये, किमान सहा महिने बाहेर असाल तर ते मागता येतं. दुखापतीनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांच्या सरासरीवरून ठरतं आणि स्पर्धेत प्रवेशापुरतंच चालतं, सीडिंगसाठी, म्हणजे ड्रॉमधल्या मानांकनासाठी, नाही. माझा खांदा गेला तेव्हा त्याच्या आधारावर मी परतलो, पण सर्व्हिसचा पूर्वीचा वेग काही परतला नाही. मग कोचिंग.

इथं मोठं रँकिंग लागतंच असं नाही. ऑस्ट्रेलियाचा डॅरेन केहिल 1988 साली यूएस ओपनच्या उपांत्य फेरीत पोचला, पण एकेरीच्या रँकिंगमध्ये 22 च्या वर गेला नाही. गुडघ्यानं त्याची कारकीर्द संपवली. पुढे ह्युइट, अगासी, हालेप, सिनर यांच्या पाठीशी तो कोच म्हणून उभा राहिला. त्याच्याकडे काय होतं? माझ्या मते, पाहण्याची ताकद.

खेळाडूची नजर आयुष्यभर बॉलवर असते. कोचला ती तिथून काढावी लागते, आणि हे फार अवघड जातं. माझ्याकडच्या एका मुलीचा फोरहँड सारखा उशिरा लागायचा. सगळे तिला ‘रॅकेट लवकर मागे घे’ म्हणत. मी बॉल सोडून तिच्या पायांकडे पाहत राहिलो. समोरचीचा फटका बसून बॉल निघाल्यावर तिची स्प्लिट स्टेप, म्हणजे धावण्याआधीची छोटी उडी, सुरू व्हायची. रॅकेटचा दोषच नव्हता. मग काही दिवस रॅकेट बाजूला ठेवली. समोरचीचा फटका बसता बसता पाय जमिनीला टेकवायचे, धावायचं आणि बॉल हातानं झेलायचा, एवढंच. फोरहँडबद्दल मी एक शब्द बोललो नाही, तरी तो सुधारला.

लहान मुलांचा वर्ग मिळाला तर कमीपणा मानू नका. त्यांचा लाल बॉल नेहमीच्या बॉलपेक्षा साधारण 75 टक्के मंद, कोर्ट जेमतेम 11 मीटर. तिथं आपला जोरदार टॉपस्पिन कुणाच्या कामाचा नसतो, एका वाक्यात समजावता येतं की नाही एवढंच कळतं. माजी खेळाडूसाठी याहून चांगली शाळा मला माहीत नाही.

सर्टिफिकेट लागतंच, आयटीएफच्या लेव्हल 1 पासून सुरुवात करा. पण खेळत असतानाच एखाद्या अनुभवी कोचकडे हिटिंग पार्टनर म्हणून, म्हणजे त्याच्या खेळाडूंना सराव द्यायला, उभे राहा, आणि तो कुठल्या क्षणी गप्प बसतो तेही टिपून ठेवा.