टीव्ही ॲपच्या नावाने दुसराच कोणी जाहिराती विकत नाहीये ना?
स्मार्ट टीव्हीवरचं ॲप वेबसाईटसारखं ब्राउझरमध्ये चालत नाही, त्यामुळे जाहिरातीच्या जागेसाठी ऑनलाइन बोली लागताना ॲप स्वतःचं जे नाव सांगेल तेच खरं धरलं जातं, आणि भामट्यांचं इथेच फावतं, मोबाईलवरचा फालतू गेम सरळ सांगतो की मी टीव्ही चॅनल आहे. यावर आयएबी टेक लॅबने, म्हणजे ऑनलाइन जाहिरातींचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या संस्थेने, २०१९ मध्ये ॲप-ॲड्स डॉट टीएक्सटी (app-ads.txt) आणलं, म्हणजे तुमच्या ॲपच्या जाहिराती कोण विकू शकतं त्याची जाहीर यादी.

करायचं काय, तर साधी टेक्स्ट फाईल बनवा, एका ओळीत चार गोष्टी स्वल्पविराम देऊन: जाहिरात कंपनीचं डोमेन, तिथला अकाउंट नंबर, डायरेक्ट (खातं तुमचं) की रिसेलर (तुमच्या वतीने विकणाऱ्या दुसऱ्याचं खातं), आणि असेल तर त्या जाहिरात कंपनीचा सर्टिफिकेशन आयडी. फाईल डेव्हलपर वेबसाईटच्या रूटला, म्हणजे डोमेनच्या लगेच पुढे टाका, कुठल्यातरी फोल्डरात नाही. आणि ॲप स्टोअरवरच्या तुमच्या लिस्टिंगमध्ये तीच वेबसाईट हवी हं! मी एकदा लिस्टिंगमध्ये जुनं डोमेन तसंच ठेवलेलं, फाईल एकदम बरोबर पण क्रॉलर (लिस्टिंगमधून वेबसाईट शोधून फाईल वाचणारा प्रोग्राम) तिथे पोचणारच कसा, आठवडाभर डोकं खाजवत बसलो.

रिसेलरच्या ओळी कोणी पाठवल्या म्हणून डोळे झाकून चिकटवू नका, आधी त्या जाहिरात कंपनीच्या सेलर्स डॉट जेसनमध्ये (sellers.json, तिच्याकडच्या विक्रेत्यांची जाहीर यादी) त्या ओळीतला नंबर कोणाच्या नावावर दिसतो ते बघा. ज्याच्याशी करार संपला त्याची ओळ त्याच दिवशी उडवा.