शुगर आणि डायलिसिस दोन्ही असलेल्या माणसाचे दिवस बरे कसे जातील, घरातल्यांसाठी

आमच्या आप्पांना शुगर बावीस वर्षं आणि डायलिसिसला आता तिसरं वर्ष चालू आहे. मंगळ-गुरू-शनी, सकाळी सातची शिफ्ट, चार तास मशीनवर. पहिले सहा महिने आम्ही जे घोळ घातले ते तुमच्याकडे होऊ नयेत म्हणून लिहितेय. मी डॉक्टर नाही, डोस-बिस तुमच्या नेफ्रोवाल्या, म्हणजे किडनीच्या, डॉक्टरांनाच विचारा, पण घरात रोज काय करायचं हे कुणी बसून सांगत नाही, ओपीडीत तेवढा वेळच नसतो.

मुख्य भानगड अशी की शुगरवाल्याला वीस वर्षं जे जे पढवलेलं असतं त्यातलं निम्मं आता उलटं होतं. पाणी भरपूर प्या, कडधान्यं-पालेभाज्या खा, भूक लागली तर एखादं फळ खा... हे सगळं घराच्या हाडात मुरलेलं असतं, ते सोडवायला वेळ लागतो.

आधी शुगरचंच सांगते. डायलिसिस सुरू झाल्यावर आप्पांची शुगर आपोआप उतरायला लागली. आत्या फोनवर म्हणाली, बघ गं, रक्त धुतलं जातंय ना, शुगर गेली. आम्हीपण खूश. खरं म्हणजे इन्सुलिन मोडून संपवायचं बरंचसं काम किडनी करत असते, ती बसली की इन्सुलिन रक्तात जास्त वेळ राहतं, त्यात जेवण कमी झालेलं, मग जुनाच डोस चालू राहिला की शुगर धाडकन खाली येते. एका रात्री तीन वाजता आप्पा उठून बसले, बनियन घामाने चिंब, आणि मला म्हणतात, "अगं मोटर बंद कर, टाकी वाहतेय." टाकी कुठची वाहतेय, मोटर लावलीच नव्हती. मीटरवर ४८. मी मोसंबी पिळायला धावले तर आई ओरडली, साखर आण साखर! आणि तिचंच बरोबर होतं, कारण फळांच्या रसात पोटॅशियम असतं आणि ते बाहेर टाकायला किडनी नाही. तर शुगर ७० च्या खाली गेली की तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर दोन घोट पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत सुई टोचून बघा, नाही चढली तर परत द्या, चढली की दोन मारी बिस्किटं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना. आमच्याकडे साखरेच्या पुड्या आता तीन ठिकाणी असतात, उशाशी, डायलिसिसच्या पिशवीत आणि आप्पांच्या शर्टाच्या खिशात (खिशातली धुण्यात जाते अधूनमधून, चालायचंच).

घरातला गोळ्यांचा सगळा डबा एकदा उचलून नेफ्रोवाल्यांसमोर ओता. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी डायलिसिसवाल्याला चालत नाही, ग्लिबेनक्लामाइड ही शुगरचीच दुसरी गोळी शरीरात रेंगाळते आणि शुगर पाडते, आणि जुन्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मेडिकलवाला वर्षानुवर्षं देत राहतो. डायलिसिसच्या दिवशीचा इन्सुलिनचा डोस वेगळा ठेवायचा का तेही विचारा. मशीनला लावायच्या आधी आणि काढल्यावर शुगर बघायची, वहीत लिहायची. ती वही महत्त्वाची आहे कारण तीन महिन्यांची शुगर म्हणून जी टेस्ट करतात ना, एचबीएवनसी, ती डायलिसिसवाल्यांत बऱ्याचदा खोटी कमी येते. रक्तातल्या लाल पेशी लवकर मरतात, वर हिमोग्लोबिन वाढवायची इंजेक्शनं चालू असतात, त्यामुळे हिशोबच चुकतो. आप्पांची ६.१ आली तेव्हा आम्ही पेढे आणायच्या बेतात होतो आणि वहीत जेवणानंतरचे आकडे २४०-२६०.

आता पाणी. घरात सगळ्यात जास्त भांडणं याच्यावरून. आप्पांना दिवसाला पाऊण लिटर सांगितलंय, तुमचं वेगळं असेल, लघवी किती होते त्यावर ठरतं. आम्ही काय करतो, सकाळी ७५० एमएलची बाटली भरून आप्पांच्या टेबलावर ठेवतो, ते पाणी त्यांचं. चहा प्यायले की तेवढंच पाणी बाटलीतून ओतून टाकायचं, आमटी खाल्ली तरी ओतायचं, ताक, पेज, गोळ्यांबरोबरचा घोट, सगळं त्यातूनच वजा. बाटली डोळ्यासमोर असली की कुणाला पोलीस व्हावं लागत नाही. तांब्या-फुलपात्र बंद केलं, छोटा पेला आणला. तहान अगदीच लागली तर बर्फाचा एक खडा चघळायचा, चूळ भरून टाकायची, वेलदोडा तोंडात ठेवायचा. पण खरं सांगायचं तर तहानेची मोठी कारणं दोन, मीठ आणि चढलेली शुगर. शुगर तीनशे असेल तर माणूस पाणी मागणारच, त्याला रागावून काय उपयोग. लोणचं-पापड-फरसाण बंद, भाजीत मीठ निम्मं. आणि ते कमी सोडियमवालं मीठ मिळतं ते चुकूनसुद्धा आणू नका, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. सैंधव म्हणजेपण मीठच, त्याची वेगळी सूट नाही.

आप्पांचं ड्राय वेट, म्हणजे साठलेलं जादा पाणी काढल्यावरचं वजन, ५८ किलो. दोन डायलिसिसच्या मध्ये दोन-सव्वादोन किलोच्या आत वाढ राहिली तर दिवस चांगला जातो. जास्त पाणी साठलं की मशीनला ते चार तासांत ओढावं लागतं, मग पोटऱ्यांत गोळे येतात, बीपी पडतो आणि घरी आल्यावर संध्याकाळपर्यंत माणूस पिळलेल्या फडक्यासारखा. शुगरवाल्यांच्या नसा आधीच खराब असतात त्यामुळे त्यांचा बीपी जास्त पटकन पडतो. बीपीची गोळी डायलिसिसच्या आधी घ्यायची की नंतर हे म्हणून विचारूनच घ्या. मशीनवर असताना भरपेट खायचं नाही, आणि सुटल्यावर लगेच उभं राहायचं नाही, पाय खाली सोडून पाच मिनिटं बसायचं.

जेवणाचं फार ताणत नाही. पोटॅशियम निघून जावं म्हणून भाज्या बारीक चिरून कोमट पाण्यात दोनेक तास ठेवायच्या, ते पाणी फेकायचं, मग भरपूर पाण्यात उकळून तेही फेकायचं आणि मग फोडणीला टाकायच्या. चव जाते, हो जाते. लसूण आणि ओली मिरची जरा जास्त. बटाटा-रताळं, केळं, सुकामेवा, टोमॅटोचं सार ही पोटॅशियमची घरं. म्हणून उपवास बंद! साबुदाण्याच्या खिचडीत बटाटा आणि वर दाण्याचं कूट, म्हणजे दुप्पट त्रास, आणि उपाशी राहून शुगर पडायची भीती ती वेगळीच. आप्पांनी चाळीस वर्षं एकादशी धरलेली, सोडताना रडले होते, आता त्या दिवशी हरिपाठ जास्त वेळ म्हणतात. कोकणातल्या लोकांनी करमळ, म्हणजे स्टारफ्रूट, अजिबात द्यायचं नाही, किडनीवाल्यांच्या मेंदूवर जातं ते. आणि भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळी घेऊन येतो. आम्ही शेवटी दाराशीच सांगायला लागलो, काका रागवू नका, यांना नारळपाणी विष आहे, तुम्हीच प्या.

एक मात्र वाढवायचं असतं, प्रोटीन. डायलिसिसच्या आधी कमी सांगितलेलं असतं, सुरू झाल्यावर वाढवायचं असतं, कारण मशीनमधून थोडं निघून जातं, आणि हे आम्हाला चार महिने माहीतच नव्हतं, आप्पा वाळत चालले होते. आता रोज अंड्यातलं पांढरं. फॉस्फरस कमी ठेवायची गोळी जेवणाच्या घासाबरोबर घ्यायची, नंतर आठवली म्हणून घेतली तर वाया.

पाय रोज बघा. रोज म्हणजे रोज, रात्री झोपताना, बोटांच्या बेचक्यात आणि टाचेखाली, स्वतः बघत असतील तर आरसा धरून. मागच्या दिवाळीत आप्पा सकाळचा फेरा मारून आले आणि बुटातून नातवाच्या ठोकळ्यांमधला एक तुकडा पडला, अख्खा फेरा त्यावर चालले होते, पत्ता नाही, मोज्याला रक्त. ती जखम भरायला सात आठवडे लागले. तेव्हापासून बूट आधी उलटा करून झटकायचा मग पाय घालायचा. गरम पाण्याची पिशवी पायाला नाही, देवळात अनवाणी नाही, मोजे घालून जायचं. मशीनवर पडल्या पडल्या टाचा घासतात, खाली मऊ उशी द्या.

फिश्चुलाच्या हातावर, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला ज्या हातातल्या रक्तवाहिन्या ऑपरेशन करून जोडलेल्या असतात त्यावर, बीपी नाही, रक्त काढणं नाही, घड्याळ-कडं नाही, पिशवी लटकवणं नाही. सकाळी उठलं की बोटं ठेवून झुणझुण लागते का बघायची, नाही लागली तर त्याच दिवशी सेंटरला फोन. डोळ्यांचा पडदा दर वर्षी तपासायचा, आणि डोळ्यापुढे अचानक काळं तरंगायला लागलं तर सिस्टरना मशीन लावायच्या आधी सांगायचं कारण डायलिसिसमध्ये रक्त पातळ ठेवायला हेपारिन देतात.

पैशाचं: महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, जिल्हा रुग्णालयांतही केंद्राच्या योजनेतून होतं, रेशन कार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राला (योजनेच्या दवाखान्यात बसणारा मदतनीस) गाठा. एसटीत डायलिसिसवाल्यांना सवलत आहे, दाखला कुठला लागतो ते डेपोत विचारून घ्या.

राहिला माणूस. डायलिसिसच्या दिवशी काहीही ठरवू नका, तो दिवस झोपेचा. उरलेले चार दिवस मात्र त्यांचे. आम्ही सगळं त्याच दिवसांत बसवतो, बँक, कटिंग, कट्टा, नातवाला शाळेतून आणणं. भाजी निवडायला देतो, मुद्दाम. चिडचिड, रात्र रात्र झोप नाही, कशालाच मन लागत नाही असं दोन आठवडे चाललं तर ते वयाचं म्हणून सोडू नका, डॉक्टरांना सांगा. आणि घरातल्या एकाच बाईवर सगळं टाकू नका, शनिवारी माझा भाऊ जातो सोबत, तो नियम आहे.

बाहेरगावी जाता येतं. तिकडच्या सेंटरला तीन-चार आठवडे आधी फोन करायचा, कावीळ बी-सी आणि एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट, ड्राय वेट आणि मागच्या तीन डायलिसिसच्या नोंदी पाठवायच्या. आम्ही असंच नाशिकला भाचीच्या लग्नाला गेलो, गुरुवारचं डायलिसिस तिकडेच केलं, शुक्रवारी लग्न. पंगतीत आप्पांनी मठ्ठा दोनदा घेतला, मी बघून न बघितल्यासारखं केलं. शनिवारी घरच्या सेंटरवर वजन तीन किलो वर. सिस्टर म्हणाल्या, काय हो आप्पा? आप्पा म्हणाले, भाचीचं लग्न होतं, आणि हात पुढे केला.