ग्लिफ आणि वर्ण यांची गल्लत: युनिकोड मराठीत या चुका टाळा

शब्द पडद्यावर अगदी बरोबर दिसतो, पण शोधला तर सापडत नाही. अकारविल्हे यादीत तो भलत्याच जागी जातो. दुसऱ्या फोनवर त्यात टिंबांचं वर्तुळ उगवतं. या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं: टंकन करणाऱ्याने फक्त ग्लिफ पाहिलेला असतो.

ग्लिफ म्हणजे फॉन्टने काढलेला आकार. युनिकोड ही जगभरच्या लिप्यांतल्या वर्णांना क्रमांक देणारी पद्धत. तिच्यात साठतो तो वर्ण, म्हणजे ठरलेला क्रमांक. ‘क्ष’ दिसताना एक ग्लिफ असतो. साठवणीत मात्र क, हलन्त (पाय मोडण्याची खूण) आणि ष असे तीन वर्ण असतात. उलट ‘कि’मधली वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, पण साठते ‘क’च्या नंतर. दिसणं आणि साठणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे पक्कं झालं, की पुढच्या चुका चटकन ओळखता येतात.

‘अ’वर चंद्र ठेवणं

मराठीत सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक हीच. ‘ॲप’, ‘ॲड’मधला ‘ॲ’ हा स्वतंत्र वर्ण आहे, क्रमांक ०९७२. तो युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आला. त्याआधी लोक ‘अ’ लिहून त्याला ‘ॅ’ जोडत. ती सवय अजून टिकून आहे, कारण कित्येक फॉन्टमध्ये दोन्ही सारखंच दिसतं. संगणकाच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत, आणि एकाच अक्षराची वेगवेगळी साठवण एकसारखी करणाऱ्या युनिकोडच्या सामान्यीकरणानेही ते एक होत नाहीत.

तपासणी सोपी आहे. अक्षराच्या लगेच नंतर कर्सर ठेवून एकदा बॅकस्पेस दाबा. सगळं अक्षर गेलं तर ते बरोबर होतं. मागे ‘अ’ उरला तर चुकीचं. वर्डमध्ये इंग्रजी अंकांत ०९७२ लिहून लगेच ऑल्ट आणि एक्स दाबलं की खरा ‘ॲ’ येतो. तो कॉपी करून ‘शोधा आणि बदला’मधून संपूर्ण मजकूर एका फटक्यात दुरुस्त करा. ‘अ’ला काना जोडून केलेला ‘आ’ही असाच पकडता येतो.

दऱ्या की दर्या?

‘दऱ्या’ डोंगरात असतात, ‘दर्या’ म्हणजे समुद्र. ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ यांतही स्वयंपाकी आणि गुरू एवढं अंतर आहे. आडवा र काढायचे दोन मार्ग आहेत. एक, ‘र’ आणि हलन्त यांच्यानंतर न दिसणारा जोडवर्ण घालणं. दुसरा, ‘ऱ’ (०९३१), हलन्त आणि ‘य’. दुसराच वापरा. न दिसणारा वर्ण मजकूर साफ करणारी सॉफ्टवेअरं अनेकदा काढून टाकतात, आणि ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होऊन छापला जातो. मुद्रितशोधकालाही तो सहज सापडत नाही, कारण शब्द शुद्धच असतो. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कळफलकावर क्रम असा: शिफ्ट-जे, डी, मग तिरक्या रेघेची कळ.

दिसायला जवळचे, क्रमांकाने परके

‘वाङ्मय’मध्ये ‘ङ’ हवा (०९१९). त्याऐवजी ‘ड’खाली नुक्ता (टिंब) दिलेला ‘ड़’ सर्रास दिसतो. तो हिंदी ‘लड़का’मधला वर्ण आहे. ‘दुःख’मध्ये विसर्गाच्या जागी अपूर्णविराम टाकला, तर कित्येक ठिकाणी शब्द तिथेच तुटतो आणि शुद्धलेखन तपासनीस दोन तुकडे दाखवतो.

‘ल’ आणि ‘श’ वेगळे शोधू नका

पाकळीचा ‘ल’ आणि शेंडीफोड्या ‘श’ यांना वेगळे क्रमांक नाहीत. तेच वर्ण, ग्लिफ फक्त मराठी वळणाचे. हिंदी वळण दिसत असेल तर मजकुराला हात लावू नका. फॉन्ट बदला, किंवा संकेतस्थळावर भाषेची खूण ‘मराठी’ करा. फॉन्टमध्ये मराठी रूपं असतील तर ती आपोआप येतात.

जुन्या फॉन्टमधला मजकूर

कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. तो मजकूर युनिकोड फॉन्टमध्ये टाकला की रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. फॉन्ट बदलून तो सुटत नाही. त्या विशिष्ट फॉन्टसाठीचा परिवर्तकच, म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये बदलणारं सॉफ्टवेअरच लागतं. परिवर्तनानंतर रफार आणि ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांखालून घाला, कारण जुन्या फॉन्टमध्ये ती दिसण्याच्या क्रमाने टंकलेली असतात आणि चुकतात ती तिथेच.

लांबी मोजताना

‘स्त्री’ हे एक अक्षर, पण वर्ण सहा: स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ वेलांटी. एक्सेलचं लांबी मोजणारं सूत्र सहाच सांगतं, आणि डावीकडचा एक वर्ण मागितला तर नुसता ‘स’ देतं. त्यामुळे नावांची आद्याक्षरं सूत्राने काढू नका. देवनागरी एसएमएसमध्येही मर्यादा १६० नसून ७० वर्णांची असते. त्यापुढे गेलात की प्रत्येक भागात ६७च मावतात. मजकूर त्या हिशेबाने बेता.