पॅटर्न आवडला, पण अंगाला बसेल का? कापडाला कात्री लावण्याआधी या चुका टाळा

श्रावण लागला की आमच्या वेंगुर्ल्यात शिवणकाम करणाऱ्या प्रत्येकीच्या घरी मशीनला उसंत नसते. चतुर्थीला सगळ्यांना नवं हवं असतं. अशाच एका दुपारी शेजारच्या वहिनी मोबाइल घेऊन आल्या. स्क्रीनवर एक लांब ड्रेस होता. छातीच्या बरोबर खाली जोड आणि तिथून सुटलेल्या बारीक चुण्या. पॅटर्न, म्हणजे कापड कापण्याचा कागदी नमुना, त्यांनी विकत घेतला होता, सावंतवाडीहून साडेचार मीटर मलमलही आणली होती. "ह्यां माका बरां दिसतलां मां?" त्यांनी विचारलं. मी फोटो पाहिला आणि हो म्हटलं.

ड्रेस शिवून झाला, वहिनींनी अंगात घातला आणि छातीखाली यायचा तो जोड छातीच्या मधोमध आडवा बसला. चुण्या तिथूनच फुटल्या. खाली ओढला की खांदे ओढले जात, सोडला की जोड पुन्हा वर. त्या काहीच बोलल्या नाहीत, ड्रेस घडी करून पिशवीत ठेवला. तो चेहरा मला आजही आठवतो. चूक त्यांच्या अंगाची नव्हती, पॅटर्नचीही नव्हती. कागदावरची दोन मापं आम्ही आधी ताडून पाहिली असती, तर हे पाच मिनिटांत कळलं असतं.

फोटोवर विश्वास ठेवणं

फोटोतला कपडा पाठीमागून चिमटे लावून आवळलेला असू शकतो. मॉडेलने कमरेवर हात ठेवला की कंबरेचा जोड नेमका कुठे आहे तेच दिसत नाही. हाताने काढलेलं फॅशनचं चित्र असेल तर त्याहून सावध राहा. आपली उंची साधारण साडेसात डोक्यांएवढी असते, त्या चित्रातली बाई नऊ डोक्यांएवढी काढतात आणि जादा उंची बहुतेक पायांतच घालतात.

पाहायचं ते साधं रेघांचं चित्र, समोरून आणि पाठून काढलेलं. त्यात टक्स (कपड्याला गोलाई देणाऱ्या शिवलेल्या चिमट्या) कुठे आहेत, जोड किती, मुंढा (बाही जिथे जोडतात तो काखेजवळचा भाग) केवढा खोल, बाही कुठे संपते हे सगळं उघड असतं. नजर जोडावर थांबते, बाहीच्या आणि घेराच्या काठावरही थांबते. कुडत्याचा काठ सीटच्या (नितंबांच्या) सगळ्यात रुंद भागावर संपणार असेल तर पाहणाऱ्याचं लक्ष तिथेच जाणार. तुम्हाला ते हवं असेल तर खुशाल ठेवा. ठरवायला सोपं आहे: आपला जुना कुडता घाला, काठ आत दुमडून टाचण्या लावा आणि आरशासमोर उभ्या राहा. चार इंच वर, दोन इंच खाली करून बघा.

शरीराला फळांची नावं देऊन "तुम्ही हे घाला, ते घालू नका" सांगणारे तक्ते मी कधीच मानत नाही. दोघींचं सीट ४० इंच असलं तरी एकीचे खांदे १३ आणि दुसरीचे १५ असतात. त्या दोघींना एकच सल्ला कसा चालेल?

फक्त छातीच्या मापावरून साइझ घेणं

वहिनींचं इथेच बिनसलं. त्यांची छाती ३८, म्हणून आम्ही ३८ चा पॅटर्न कापला. पण वरची छाती, म्हणजे काखेतून टेप फिरवून छातीच्या वर घेतलेलं माप, फक्त ३४ होतं. मोठ्या अमेरिकन कंपन्यांचे बायकांचे पॅटर्न सहसा या दोन मापांत २ इंचांचा फरक धरून आखलेले असतात. वहिनींचा फरक ४ चा. ३८ घेतल्यावर खांदे आणि गळा ढगळ झाले आणि छातीवर मात्र कापड अपुरंच पडलं.

वरच्या छातीत २ मिळवा, जे येईल ती साइझ घ्या. वहिनींना ३६. त्याने खांदे, गळा, मुंढा नीट बसतो. राहिलेले २ इंच फक्त छातीवर वाढवायचे, म्हणजे समोरच्या अर्ध्या तुकड्यावर १ इंच. कागदावर छातीचा उंचवटा जिथे येतो तिथे खूण करा. खालच्या काठापासून त्या खुणेपर्यंत सरळ कापा, तिथून मुंढ्याकडे वळा, पण मुंढ्याच्या शिलाईपाशी थोडा कागद जोडलेला राहू द्या. मग बाजूच्या शिलाईपासून खुणेपर्यंत आडवं कापा आणि भाग १ इंच उघडा. बाजूला आपोआप एक टक तयार होतो. आतला तुकडा आता आखूड पडेल, तो आडवा कापून खालचा काठ एका रेषेत आणा. मागे दुसरा कागद चिकटवला की झालं.

छातीखाली जोड असलेल्या कुठल्याही पॅटर्नला आणखी एक माप घ्याच. खांद्याच्या गळ्याकडच्या टोकापासून, छातीच्या उंचवट्यावरून, छाती संपते तिथपर्यंत. वहिनींचं ते १४ इंच आलं. कागदावर, शिलाईची माया (शिलाईबाहेर ठेवलेली जादा जागा) सोडून, साडेबारा होतं. तो दीड इंच कुठून तरी येणारच होता, म्हणून जोड वर चढला. माया सोडून मोजायचं हे विसरू नका. अमेरिकन पॅटर्नमध्ये सहसा दीड सेंटिमीटर माया धरलेली असते, बुर्डा या जर्मन शिवण-मासिकातल्या कागदावर ती नसते.

उंची कमी म्हणून फक्त खालून कापणं

त्याच अमेरिकन कंपन्या साधारण ५ फूट ५ किंवा ६ इंचांची बाई धरतात. आमच्याकडे ५ फुटांच्या कितीतरी जणी आहेत. खालून पाच इंच कापले की लांबी जमते, पण कंबर जिथल्या तिथेच राहते. मग कपड्याची कंबर पोटावर येते आणि घेर सीटवरून सुटतो. कमी करायचं ते वाटून: थोडं काखेच्या खाली, थोडं कंबर आणि सीटच्या मध्ये, उरलेलं खालून.

मात्र उंची कमी म्हणजे सगळीकडे कमी, असं नसतं. वहिनींची पाठ मानेच्या हाडापासून कमरेपर्यंत पॅटर्नपेक्षा एक इंच आखूड निघाली आणि समोर दीड इंच जास्त लागला. पाठ आणि समोर वेगवेगळं मोजा.

छपाई न तपासणं

मोबाइलवरून घेतलेला पॅटर्न दुकानात छापला की पानाच्या आकारात बसवण्यासाठी तो बारीक होऊ शकतो. सहसा पहिल्या पानावर तपासणीचा चौकोन असतो, तो पट्टीने मोजा. ४ इंचांचा चौकोन पावणेचार भरला तर आधी १०० टक्के आकारात पुन्हा छापून घ्या.

आपली हवा विसरणं

पाकिटावर किंवा कागदावर अंगाचं माप आणि तयार कपड्याचं माप अशी दोन मापं बहुतेकदा असतात. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की ढिलाई कळते. छातीला २ इंच ढिलाई थंड हवेत छान. भाद्रपदात, पाऊस थांबून ऊन पडल्यावर समुद्राकडून येणाऱ्या दमट हवेत, ते कापड पाठीला चिकटून बसतं. न ताणणाऱ्या सुती कुडत्याला मी ३ ते ४ इंच ठेवते. पॉलिएस्टरचं अस्तर सुचवलं असेल तर मलमलीचं लावते. ताणणाऱ्या कापडासाठी आखलेला पॅटर्न साध्या सुती कापडात कापू नका, अंगात शिरणारच नाही.

कापडाचा पोतही रूप बदलतो. त्याच चुण्या रेयॉनमध्ये खाली पडतात, जाड सुतीत बाहेर उभ्या राहतात. दुकानात कापडाची मूठभर चुणी करून हातात उंच धरून बघा, लगेच कळतं. सुती कापड कापण्याआधी धुऊन वाळवायचं, हे तर आलंच.

फक्त आरशासमोर उभं राहून ठरवणं

जुनी सुती चादर घ्या, नाहीतर मांजरपाट. लांब कच्ची टीप मारून वरचा भाग शिवा, त्यावर पेनाने मध्यरेषा आणि कंबर आखा. आतले कपडे रोजचेच घाला. मग सुरकुत्या वाचा. छातीकडून कमरेकडे तिरप्या ओढ्या दिसल्या तर छातीवर जागा कमी आहे. सीटवर ताणलेल्या आडव्या रेघा म्हणजे सीट अरुंद. पाठीत कमरेच्या वर आडवी घडी पडली तर पाठीची लांबी जास्त. मुंढ्याचा समोरचा काठ फुगला तर तिथलं जादा कापड टकमध्ये घ्यायला हवं.

त्यानंतर पाटावर मांडी घालून बसा, मोदक वळायला बसतो तसं. उठा. दोन्ही हात वर करा, जणू माटवीला (गणपतीच्या डोक्यावर टांगतात त्या चौकटीला) कवंडळाची फळं बांधताय. अख्खा कपडा वर आला तर मुंढा फार खोल आहे. बऱ्याच जणी अशा वेळी मुंढा आणखी कापतात आणि त्रास वाढतो. मुंढा काखेच्या जवळ असला की हात मोकळा फिरतो.

पॅटर्न आवडूनही कधी सोडायचा? कपाटातला सगळ्यात नीट बसणारा कुडता त्या कागदावर पसरा. खांदा, मुंढा आणि छाती या तिन्ही ठिकाणी एक-एक इंचाहून जास्त फरक असेल तर मी तो पॅटर्न घेत नाही. त्यातला आवडलेला गळा किंवा बाही तेवढी उचलते आणि कपड्याचा मुख्य भाग त्या कुडत्यावरून कापते.

वहिनींचा ड्रेस आम्ही उसवला. मलमलीत माया भरपूर ठेवलेली होती आणि घेरातूनही कापड निघालं. समोरचा वरचा तुकडा ३६ च्या बदललेल्या कागदावर नव्याने कापला, आधी चादरीवर दोनदा घालून पाहिला. जोड छातीच्या अर्धा इंच खाली आला. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी त्या आरतीला तोच घालून आल्या, आणि नैवेद्य झाल्यावर पंगतीत वाढायला उभ्या राहिल्या तेव्हा एकदाही ड्रेस खाली ओढला नाही.