ध्रुवावरून येणारी लघुलहर : बेळगावात बसून अभ्यास सुरू करणाऱ्यांसाठी

सपाट नकाशावर बेळगावहून कॅलिफोर्नियाकडे रेघ ओढायला सांगितली, तर बहुतेक विद्यार्थी ती पूर्वेकडे, जपान आणि पॅसिफिकवरून ओढतात. पृथ्वीगोलावर याच दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो जवळजवळ सरळ उत्तरेला, पूर्वेकडे जेमतेम १६ अंश कलून निघतो. पश्चिम तिबेट आणि सैबेरिया ओलांडून सुमारे ७५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढतो, अलास्कात फेअरबँक्सजवळून खाली उतरतो आणि सुमारे १३,८०० किलोमीटरनंतर सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचतो. लघुलहरी, म्हणजे शॉर्टवेव्ह रेडिओच्या लहरी, साधारणतः हाच मार्ग धरतात. म्हणूनच अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा क्षीण आवाज बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या गच्चीवर ऐकणारा माणूस नकळत उत्तर ध्रुवीय प्रदेशाचे आकाश तपासत असतो. पृथ्वीला उलट बाजूने वळसा घालून येणारा लांबचा मार्गही ध्रुवीय प्रदेश चुकवत नाही, कारण तो अंटार्क्टिकावरून, भारताच्या ‘मैत्री’ तळाच्या परिसरातून जातो.

आयनांबराच्या, म्हणजे वातावरणातल्या वरच्या विद्युतभारित भागाच्या, एफ थरावरून परतणारी लहर एका उडीत फार तर ४,००० किलोमीटर जाते, म्हणजे या प्रवासाला किमान चार उड्या लागतात. प्रत्येक उडीत लहरीला खालच्या डी थरातून दोनदा जावे लागते आणि ध्रुवीय प्रदेशातले खरे नुकसान तिथेच होते. या नुकसानीची दोन कारणे नवशिक्याने पहिल्यापासून वेगळी ठेवावीत. पहिले कारण म्हणजे सूर्याकडून आलेले वेगवान प्रोटॉन. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र त्यांना आपल्या अक्षांशांपासून दूर ठेवते, परंतु चुंबकीय ध्रुवांभोवती त्यांना वाट मोकळी असते. ते ६० ते ९० किलोमीटर उंचीपर्यंत घुसून तेथील हवेचे आयनीभवन करतात आणि मग ध्रुवावरचे सगळे छत लघुलहरी शोषून घेऊ लागते. हा प्रकार कित्येक तास, कधी कधी काही दिवस चालतो. दुसरे कारण अरोराच्या, म्हणजे ध्रुवीय प्रकाशाच्या, पट्ट्यातले इलेक्ट्रॉन हे होय. त्यांच्यामुळे होणारे शोषण तुकड्यातुकड्यांचे आणि चंचल असते, आणि जो संदेश पार होतो तोही थरथरत, घोगरा होऊन येतो. फेअरबँक्स नेमके या पट्ट्याखाली येते. या दोहोंखेरीज सौरज्वालेच्या क्ष-किरणांनी पृथ्वीच्या दिवसाच्या बाजूला लघुलहरींच्या संपर्कात पडणारा खंड वेगळाच आहे. तो ज्वाला उसळल्यानंतर आठ मिनिटांत सुरू होतो आणि बहुधा तासाभरात ओसरतो. ध्रुवाशी त्याचा संबंध नाही, तरीही नवशिके त्याचे खापर ध्रुवावर फोडतात.

आपल्याकडची खरी अडचण मात्र परदेशी पुस्तकांत सहसा सापडत नाही. चुंबकीय विषुववृत्त तिरुनेलवेलीच्या आसपासून जाते आणि बेळगाव त्यापासून फार दूर नाही. अशा भागात सूर्यास्तानंतर, विशेषतः मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास, आपल्याच डोक्यावरच्या एफ थरात विरळ आयनांचे बुडबुडे वर चढतात आणि त्यांतून येणारा संदेशही अगदी तसाच थरथरतो. संध्याकाळी कॅलिफोर्नियाचा आवाज फडफडला की ‘अरोरा लागला’ असे लिहून मोकळे होण्याचा मोह आवरावा. आधी घरचे आकाश निर्दोष आहे का ते पाहावे, आणि मगच ध्रुवाकडे बोट दाखवावे.

त्यासाठी सर्वांत उपयोगी साधन म्हणजे १४.१०० मेगाहर्ट्झवर पाळीपाळीने बोलणाऱ्या १८ बीकनांचे, म्हणजे खुणेचे संकेत पाठवणाऱ्या रेडिओ केंद्रांचे, आंतरराष्ट्रीय जाळे. प्रत्येक बीकन दर तीन मिनिटांनी दहा सेकंद बोलतो : आधी मोर्समध्ये नाव, मग १०० वॅटपासून दहापटीने उतरत ०.१ वॅटपर्यंत चार लांब ठोके. तासाच्या ठोक्यापासून मोजल्यास प्रत्येक तीन मिनिटांच्या फेरीत कॅलिफोर्नियाचा बीकन २० व्या सेकंदाला, सैबेरियातल्या नोव्होसिबिर्स्कचा ७० व्या आणि श्रीलंकेचा ९० व्या सेकंदाला सुरू होतो. त्यामुळे घड्याळ अचूक असेल तर मोर्स येत नसले तरी काम अडत नाही. नोव्होसिबिर्स्क साधारण त्याच दिशेला आहे, मात्र अरोराच्या पट्ट्याच्या अलीकडे. तो स्वच्छ आणि कॅलिफोर्निया थरथरता, तर संशय ध्रुवावर; दोन्ही थरथरले, तर दोष बहुधा आपल्याच डोक्यावरच्या आकाशाचा. एखादा बीकन काही काळ बंद असतो, म्हणून तो ऐकू आला नाही एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. ऐकलेल्या प्रत्येक नोंदीशेजारी त्या वेळचा भूचुंबकीय ‘के’ निर्देशांक लिहावा. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ मोजणारा हा आकडा शून्य ते नऊ असतो आणि पाचपासून चुंबकीय वादळ धरतात.

एरियलसाठी दहा मीटर तार मधोमध तोडून दोन खांबांमध्ये ताणली तरी पुरते. शहरात एलईडी दिवे आणि चार्जर यांची खरखर एवढी असते की वीज गेलेला तास हीच खरी पर्वणी. खानापूरच्या जंगलाकडे गेल्यास शांतता मिळते, पण एप्रिल-मेमध्ये वळिवाची कडकड तिथेही पाठ सोडत नाही. नुसते ऐकण्यासाठी परवाना लागत नाही. प्रक्षेपण करायचे असेल तर केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची हौशी रेडिओची परीक्षा द्यावी लागते आणि बारा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही ती देता येते.

पुढे याच विषयात राहायचे असेल, तर सीमाभागातला विद्यार्थी सोयीच्या जागी आहे, असे माझे मत आहे. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे वरच्या वातावरणावर लक्ष ठेवणारे रडार आहे, तर चोर्ला घाट उतरून वास्कोला गेल्यास ‘मैत्री’, ‘भारती’ आणि आर्क्टिकमधला ‘हिमाद्री’ हे तळ चालवणारे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. दोन्हीकडे भौतिकशास्त्राचा पाया आणि आकडेवारी हाताळण्याइतके प्रोग्रॅमिंग उपयोगी पडते. विमान वाहतुकीलाही हे ज्ञान लागते. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाचे सॅन फ्रान्सिस्को ते बेंगळुरू विमान उत्तर ध्रुवावरून आले; साधारण ८२ अंशांच्या पलीकडे भूस्थिर उपग्रह क्षितिजाशी टेकल्यामुळे संपर्कासाठी लघुलहरींवर बरीच भिस्त ठेवावी लागते आणि प्रोटॉनांचा मारा तीव्र असेल तर विमान कंपन्या अशी उड्डाणे दक्षिणेकडे वळवतात.