ईएमटीचं प्रशिक्षण आणि बुजरा स्वभाव : या चुका टाळा

ईएमटी, म्हणजे रुग्णवाहिकेत तातडीचे उपचार करणारा तंत्रज्ञ. त्याच्या प्रशिक्षणाच्या वर्गातली बुजरी मुलं अभ्यासात क्वचितच मागे असतात. त्यांचं घोडं अडतं ते सरावाच्या पुतळ्यासमोर, चारचौघांत प्रात्यक्षिक करायची वेळ आली की. त्यासाठी स्वभाव बदलायला नको. या कामातलं बरंचसं बोलणं ठरलेल्या वाक्यांचं असतं आणि ती वाक्यं तोंडात बसली की धीर आपोआप येतो.

मनातल्या मनात पायऱ्या उरकणं

परीक्षकाच्या हातात चेकलिस्ट असते. ‘जागा सुरक्षित आहे, हातमोजे घातले आहेत, रुग्ण एकच आहे’ हे त्याला ऐकू गेलं नाही, तर तुम्ही सगळं नीट पाहूनही गुण जातात. घरी उशीवर सराव करताना फोन दहा फुटांवर ठेवून रेकॉर्ड करा. शब्द स्पष्ट ऐकू येत नसतील, तर रुग्णवाहिकेतल्या जोडीदारालाही ते ऐकू जाणार नाहीत.

सीपीआरमध्ये, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबून श्वास देताना, ही चूक लगेच दिसते. मनात मोजणारा घाबरून वेग वाढवतो. वेग वाढला की दाब उथळ होतो आणि छाती पूर्ण वर यायच्या आत पुढचा दाब पडतो. मोठ्या माणसाला मिनिटाला 100 ते 120 दाब, 5 ते 6 सेंटीमीटर खोल, म्हणजे 30 दाबांना 15 ते 18 सेकंद. मराठीत मोजताना आणखी एक अडचण येते : ‘एकोणीस’, ‘पंचवीस’, ‘अठ्ठावीस’ हे आकडे लांब आहेत, ताल मोडतो. म्हणून एक ते नऊ मोजून ‘दहा’, पुन्हा एक ते नऊ आणि ‘वीस’, मग एक ते नऊ आणि ‘तीस’ असं मोठ्याने मोजा. ‘वीस’ ऐकल्यावर जोडीदार श्वास देणारी पिशवी सरसावून ठेवतो.

नाडी शोधताना बुजरा विद्यार्थी बोटं ठेवून बसतो, कारण ‘नाडी नाही’ म्हणायला जीभ रेटत नाही. 10 सेकंदांत खात्रीने लागली नाही, तर तसं म्हणा आणि दाब सुरू करा.

न ऐकलेला आकडा लिहून टाकणं

सगळ्यांत घातक चूक ही. बीपी ऐकू आलेला नसतो, पुन्हा घेतो म्हणायची लाज वाटते आणि कागदावर 120/80 उतरतं. पुढचे उपचार त्या आकड्यावर ठरतात. ‘ऐकू आलं नाही, पुन्हा घेतो’ हे वाक्य पहिल्याच आठवड्यात दहादा म्हणून घ्या.

मग कारण शोधा. स्टेथोस्कोपची कानातली टोकं पुढे, नाकाच्या दिशेला वळलेली हवीत. उलटी घातली की आवाज दबतो. कफ, म्हणजे बीपीच्या यंत्राचा फुगणारा पट्टा, शर्टाच्या बाहीवरून नको, उघड्या दंडावर, कोपराच्या खळगीच्या दोन बोटं वर. आतली फुगणारी पिशवी दंडाच्या घेराचा सुमारे 80 टक्के भाग वेढणारी हवी. लहान कफ दाब खोटा जास्त दाखवतो. हवा सेकंदाला 2 ते 3 मिलिमीटरने सोडा. भसकन सोडली की पहिला ठोका निसटतो आणि वरचा आकडा कमी येतो. पुन्हा घेण्याआधी हवा पूर्ण काढून मिनिटभर थांबा.

धावत्या गाडीत ठोके ऐकूच येत नसतील, तर मनगटाची नाडी चाचपत कफ फुगवा. नाडी नाहीशी झाली की आणखी 30 मिलिमीटर वर न्या आणि हळू सोडा. नाडी परत लागते तो वरचा दाब. ‘110, चाचपून’ असं लिहा. खालचा आकडा रिकामाच ठेवा.

हात लावायला कचरणं

साडीवरून किंवा जाड शर्टावरून ऐकलेले श्वासाचे आवाज भरवशाचे नसतात. आधी सांगा, मग न घुटमळता हात लावा. अर्धवट, चाचरता स्पर्श रुग्णालाच जास्त अवघडवतो. ‘मावशी, छाती तपासायची आहे, पदर जरा बाजूला घ्याल का?’ घरातली एखादी बाई शेजारी असू द्या आणि तपासून झालं की लगेच चादर ओढा. अपघातात मात्र पाठ आणि काखा बघितल्याशिवाय तपासणी पूर्ण होत नाही. जखमेवर दाब धरताना दर मिनिटाला उचलून बघू नका, धरत आलेली गुठळी निघते. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा.

दारू, पाळी, गरोदरपण हे प्रश्न टाळणं हीसुद्धा तीच भीड. ‘हे सगळ्यांनाच विचारावं लागतं’ म्हणून थेट विचारा. आणि दारू प्यायल्यासारखा बरळणारा माणूस दिसला, की साखर तपासा. 70 च्या खाली गेलेली साखर हुबेहूब तशीच दिसते. बोट स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्या, मगच टोचा.

गर्दीला ‘कोणीतरी मदत करा’ म्हटलं की कोणीच हलत नाही. ‘निळा शर्टवाले दादा, तुम्ही लोकांना मागे घ्या.’ एक माणूस, एक काम.

ऑक्सिजनबद्दल न विचारता पुढे जाणं

वर्गात विचारायला लाजलात, तर वर्ग सुटल्यावर दहा मिनिटं थांबा आणि काळ्या अंगाचा, पांढऱ्या खांद्याचा तो सिलिंडर स्वतः उघडा. झडप चेहऱ्यापासून दूर वळवून क्षणभर उघडा, धूळ उडते. बंद करून रेग्युलेटर बसवा, मग सावकाश उघडा. फुस्स आवाज आला तर बहुधा वॉशर वाकडा बसलाय किंवा बसवलाच नाही. पाना जोरात आवळू नका, झडप बंद करून पुन्हा बसवा. हाताला तेल, व्हॅसलीन अजिबात नको. नॉन-रिब्रीदर (खाली पिशवी जोडलेला) मास्क मिनिटाला 10 ते 15 लिटरवर, पिशवी आधी फुगवून मगच चेहऱ्याला. नाकातली नळी 6 लिटरपर्यंत.

फी भरण्याआधी संस्थेला दोन गोष्टी विचारा : एका पुतळ्यामागे विद्यार्थी किती, आणि रुग्णालयात व रुग्णवाहिकेत तास किती. पुतळा कमी असला की मागे उभं राहणाऱ्याच्या वाट्याला सराव उरत नाही. पहिला नंबर नको असेल, तर दुसरा घ्या. शेवटचा घेऊ नका.

रुग्ण सोपवताना पुटपुटणं

महाराष्ट्रातली 108 रुग्णवाहिका सेवा 2014 मध्ये सुरू झाली ती गाडीत डॉक्टर ठेवून. म्हणजे इथे ईएमटीला अनेकदा डॉक्टरांच्या शेजारी काम करावं लागतं. सूचना ऐकून नुसती मान हलवू नका. ‘दहा लिटर ऑक्सिजन’ ऐकलं की ‘दहा लिटर’ म्हणा, केल्यावर ‘दहा लिटर सुरू केला’ म्हणा.

कॅज्युअल्टीत मिनिटभरात, याच क्रमाने : ‘पुरुष, वय साठ. अर्ध्या तासापूर्वी दुचाकीवरून पडले. उजव्या मांडीला सूज, बेशुद्ध झालेले नाहीत. नाडी 110, बीपी 100/70, श्वास 22. मांडी बांधली, ऑक्सिजन 10 लिटर. मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत.’ समोरच्या सिस्टर लिहीत असतील, तर आकड्यांनंतर थांबा, त्यांनी वर पाहिलं की पुढचं सांगा.